मनाचा प्रथमोपचार : नुसते भाषांतर पुरेसे नाही

कुणाला चक्कर आली, भाजले, साप चावला तर काय करायचे हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना थोडेफार माहीत असते. पण शेजारची बाई चार दिवस चूल पेटवत नाही, नुसती भिंतीकडे बघत बसते. होस्टेलवर राहणारा मुलगा अचानक आपली पुस्तके, कपडे मित्रांना वाटून टाकतो. तेव्हा काय करायचे? आपण "मन घट्ट कर" म्हणतो आणि निघून येतो. काय बोलावे हेच कळत नाही म्हणून निघून येतो.

मानसिक आरोग्य प्रथमोपचार हे प्रशिक्षण याच प्रसंगासाठी आहे. ते एका देशात तयार झाले आणि पुढे वीसहून अधिक देशांत गेले. जाताना त्यात काय बदलावे लागले आणि काय बदलता कामा नये, हे आज आपण पाहू. आपल्या वस्तीत, विहारात किंवा महिला मंडळात असे प्रशिक्षण कुणी घेऊन आले, तर ते आपल्या कामाचे आहे की नाही हे आपल्याला ओळखता आले पाहिजे.

सुरुवात कुठे झाली

२००० साली ऑस्ट्रेलियात बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म या दोघांनी हे प्रशिक्षण सुरू केले. किचनर या नर्स आणि शिक्षिका. नैराश्याचा आजार त्यांनी स्वतः सोसलेला. जॉर्म हे मानसिक आरोग्यावर संशोधन करणारे प्राध्यापक. त्यांचा विचार सरळ होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला डॉक्टर येईपर्यंत शेजारीपाजारी सांभाळतात, तसे मनाने कोसळलेल्या माणसालाही सांभाळता यायला हवे. प्रथमोपचार करणारा निदान करत नाही, औषध देत नाही. योग्य मदत मिळेपर्यंत तो सोबत राहतो आणि त्या मदतीपर्यंत पोचवतो.

यात पाच गोष्टी शिकवतात. मी गटात त्या हाताच्या पाच बोटांवर सांगते :

अंगठा : जवळ जा. काय चालले आहे ते पाहा. जिवाला धोका आहे का, हे आधी ओळखा.
तर्जनी : ऐका. मध्ये न तोडता, दोष न देता, उपदेश न करता.
मधले बोट : धीर द्या आणि खरी माहिती द्या. हा आजार असू शकतो, यावर उपचार आहेत, हे सांगा.
अनामिका : डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला तयार करा.
करंगळी : बाकीची सोबत जोडा. मैत्रीण, भाऊ, बचत गट, ज्याच्याशी त्या माणसाचे पटते तो.

हा क्रम पक्का नाही. ऐकणे तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालूच राहते.

ऑस्ट्रेलियात या पाच पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'अल्जी' असा शब्द झाला आणि त्या नावाचा एक कोआला प्राणी त्यांच्या साहित्यावर आला. तिथे ते लक्षात ठेवायला सोपे. जपानमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांचा काय उपयोग? तिथल्या लोकांनी आपल्या भाषेतून 'री-हा-आ-सा-रु' अशी अक्षरांची ओळ तयार केली. नव्या डॉक्टरांना सबंध दिवस मिळत नाही म्हणून दोन तासांचा छोटा वर्गही बनवला. बदलाची ही सगळ्यात सोपी पायरी. यापुढचे बदल अवघड आहेत.

पहिला बदल : त्रासाला लोक काय म्हणतात

झिंबाब्वेमध्ये शोना भाषेत एक शब्द आहे, कुफुंगिसिसा. अर्थ, फार विचार करत राहणे. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांदा यांनी २००६ पासून हरारे शहराच्या वस्त्यांत आज्यांना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात एक बाक, त्यावर आजी आणि त्रासात असलेली व्यक्ती. त्या आज्या 'तुला डिप्रेशन आहे का' असे विचारत नाहीत. फार विचार येतात का, असे विचारतात. सुरुवातीला त्या बाकाच्या नावात मानसिक आजाराचा उल्लेख होता तर लोक बसायला तयार नव्हते. 'मैत्रीचा बाक' असे नाव झाल्यावर लोक येऊ लागले. हा उपक्रम प्रथमोपचाराच्या पुढचा, समुपदेशनाचा आहे. पण शब्दाबद्दलचा धडा दोन्हीकडे सारखाच.

आपल्याकडे 'नैराश्य' हा पुस्तकातला शब्द. बाई दवाखान्यात येते ती म्हणते, "डोकं भणभणतं", "जीव घाबरा होतो", "मन लागत नाही", "अंगात त्राणच नाही". पुरुष म्हणतो, "टेन्शन आहे", आणि बऱ्याचदा तेही दारू प्यायल्यावर. प्रशिक्षणाच्या पुस्तकात फक्त 'दोन आठवडे सतत उदास वाटणे' एवढेच लक्षण छापले असेल, तर ही माणसे त्यात सापडणारच नाहीत. म्हणून कुठेही प्रशिक्षण नेताना पहिले काम हे, की तिथल्या लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे.

दुसरा बदल : घर

मूळ इंग्रजी प्रशिक्षणाचा भर त्या व्यक्तीच्या मर्जीवर आहे. तिला विचारा, तिचे खासगीपण जपा, तिच्या संमतीने इतरांना सांगा. हे तत्त्व योग्यच आहे. पण आशियातल्या अनेक घरांत आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, पैसे देणे, औषध घेतले की नाही पाहणे हे सगळे कुटुंब करते. घराला बाहेर ठेवून मदत पुढे सरकत नाही. म्हणून अशा देशांसाठी बदल करताना कुटुंबाला कधी आणि कसे सामील करायचे, हे जास्त तपशिलात शिकवावे लागते.

इथे एक धोका आहे. 'आपली संस्कृती कुटुंबाची' असे म्हणून सगळे घरच्यांवर सोपवले, तर जिचा त्रासच घरातून आहे तिचे काय? सासू शेजारी बसलेली असताना सून काय सांगणार? मारहाण करणाऱ्या नवऱ्यालाच बोलावून "हिला सांभाळा" म्हटले, तर आपण तिला आणखी संकटात टाकतो. म्हणून नियम असा ठेवावा : आधी एकटीशी बोला. मग विचारा, "घरातलं कोण तुझ्या बाजूचं आहे?" ती नाव घेईल त्यालाच आधी बोलवा. तिने कुणाचेच नाव घेतले नाही, तर तेही एक उत्तर आहे. घरात हिंसा असेल तर महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन प्रशिक्षणाच्या कागदावर असलीच पाहिजे.

तिसरा बदल : हाताशी काय आहे

आत्महत्येचा धोका असेल तर घातक वस्तू त्या माणसापासून दूर ठेवा, हे प्रत्येक देशात शिकवतात. पण वस्तू देशागणिक वेगळी. अमेरिकेत निम्म्याहून अधिक आत्महत्या बंदुकीने होतात, म्हणून तिथे घरात बंदूक आहे का हे विचारायला शिकवले जाते. आपल्याकडे आणि श्रीलंकेत खेड्यापाड्यांत मोठा धोका कीटकनाशकाचा. श्रीलंकेने जास्त विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. त्या क्षणी विष हाताला लागले नाही तर जीव वाचतो, एवढा सरळ अर्थ.

तेव्हा आपल्याकडच्या प्रशिक्षणात हा प्रश्न हवा : फवारणीचे औषध घरात कुठे ठेवता? ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला लावणे हाच प्रथमोपचार. आणि कुणी विष घेतलेच असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, बाटली किंवा पुडी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

चौथा बदल : कायदा आणि दवाखाना

'मदत मागायला सांगा' हे वाक्य भाषांतराला सोपे आहे. पण मदत मागितल्यावर पुढे काय होते? काही देशांत आत्महत्येचा प्रयत्न हा आजही गुन्हा आहे. पाकिस्तानने ते कलम २०२२ मध्ये काढले. मलेशिया आणि घाना यांनी २०२३ मध्ये. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ घेतलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

तरी भीती गेलेली नाही. विषबाधेच्या केसची नोंद पोलिसांकडे जातेच. म्हणून वॉर्डात नातेवाईक "चुकून प्यायला" असे सांगताना मी अनेकदा ऐकले आहे. खरे कळायला उशीर होतो आणि घरी गेल्यावर मनावरचे उपचारही होत नाहीत. कायदा बदलला ही माहितीसुद्धा प्रथमोपचारच आहे.

अमेरिकेत ९११ ला फोन केला की बऱ्याचदा पोलीस येतात, आणि अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना पोलीस येण्याचीच धास्ती असते. तिथे २०२२ पासून मानसिक संकटासाठी ९८८ हा वेगळा क्रमांक सुरू झाला. आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येते. हा क्रमांक नसलेला प्रशिक्षणाचा कागद अपुरा समजा.

डॉक्टरांचे काय? भारतात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियात 'डॉक्टरकडे जायला सांगा' एवढे पुरते, कारण डॉक्टर जवळ आहे. इथे जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, एसटी कितीला आहे, त्या दिवसाची मजुरी बुडणार त्याचे काय, हे माहीत नसेल तर सल्ला हवेत जातो. सोबत जाणे हा इथल्या प्रथमोपचाराचा भाग धरावा लागतो.

आपल्याच राज्यात याची उदाहरणे आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' या कार्यक्रमात गावातल्याच माणसांना तयार केले गेले. त्रासात असलेल्याला ओळखणे, त्याच्याशी बोलणे, गरज पडल्यास दवाखान्याशी जोडणे आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायला मदत करणे ही त्यांची कामे. पेन्शन अडकल्यामुळे झोप उडालेल्या म्हातारीला नुसता धीर पुरत नाही, हे त्यात ओळखलेले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमाने आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत सेवा गावापर्यंत नेली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. प्रथमोपचार आणि पुढची सेवा जोडलेली असली की फरक पडतो.

पाचवा बदल : अपमानाचा इतिहास

हा बदल सगळ्यात जास्त टाळला जातो, म्हणून नीट समजून घेऊ. ऑस्ट्रेलियातले प्रशिक्षण त्याच देशातल्या मूळ रहिवाशांना जसेच्या तसे चालले नाही. भाषा इंग्रजीच, देश तोच, तरीही नाही. कारण त्या लोकांच्या जमिनी गेल्या होत्या आणि पिढ्यान्पिढ्या सरकारने त्यांची मुले घरांतून उचलून नेली होती. त्याबद्दल २००८ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ज्या सरकारी माणसाने मूल नेले, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसाजवळ मन कसे मोकळे होणार?

म्हणून मूळ रहिवाशांसाठी वेगळा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात हा इतिहास मनाच्या दुखण्याचे कारण म्हणून शिकवला जातो. शिकवणारे त्यांच्याच समाजातले असतात. डोळ्याला डोळा भिडवून बोलणे हे आदराचे नसू शकते, गप्प राहणे म्हणजे नकार नव्हे, शोकात गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणे हे प्रत्येक वेळी वेड नव्हे, अशा गोष्टी त्यात आल्या.

आपल्याला हे लगेच कळते. जातीवरून टोमणे ऐकून खोलीत कोंडून घेणाऱ्या मुलीला "मनावर घेऊ नकोस, सगळ्यांनाच थोडंफार सोसावं लागतं" असे म्हणणारा प्रथमोपचारक तिचे तोंड कायमचे बंद करतो. त्याने ऐकले नाही, निवाडा दिला. इथल्या प्रशिक्षणात जातीच्या अपमानाचा धडा असायला हवा आणि तक्रार कुठे करायची याची माहितीही. दुखणे आजाराचे आहे की अन्यायाचे, असे दोन कप्पे प्रत्यक्षात नसतात. झोप लागावी म्हणून उपचार आणि न्याय मिळावा म्हणून तक्रार, दोन्ही एकाच वेळी चालू शकते.

काय बदलायचे नाही

स्थानिक रीत म्हणून सगळेच मान्य करायचे नसते. अंगात येणाऱ्या बाईची टिंगल करू नये, देवऋषाकडे गेलेल्या कुटुंबाला झिडकारू नये; नाहीतर ते पुन्हा आपल्याकडे येणार नाहीत. पण साखळीने बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे ही संस्कृती नव्हे. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडी इथे आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळताही न आल्याने मेले. आज रुग्णाला साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे.

आणखी चार गोष्टी कोणत्याही देशात तशाच राहतात :

१. आत्महत्येबद्दल सरळ विचारणे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मराठीत आपण विचारतो, "काही बरं-वाईट तर करणार नाहीस ना?" हा प्रश्न 'नाही' हेच उत्तर मागतो. त्याऐवजी शांतपणे विचारा, "जीव द्यावा असे विचार येतात का?" 'हो' आले तर, "कसं, कधी, असं काही ठरवलंय का?"
२. धोका असेल तर एकटे न सोडणे.
३. जिवाचा प्रश्न असेल तर गुप्ततेचे वचन न देणे. "मी कुणाला सांगणार नाही" याऐवजी "तुला वाचवायला लागेल तेवढ्यांनाच सांगेन" असे म्हणा.
४. दोष न देणे. "पोरांचा तरी विचार कर" हे वाक्य मायेचे वाटते, पण ऐकणाऱ्याला ते आरोपासारखे लागते.

बदल कसा करतात

एका खोलीत बसून भाषांतर करणे म्हणजे बदल नव्हे. यासाठी एक पद्धत वापरली जाते. आधी सगळे सल्ले वेगवेगळ्या वाक्यांत लिहून काढतात. मग त्या देशातले तज्ज्ञ, आणि स्वतः आजार अनुभवलेले किंवा रुग्ण सांभाळलेले लोक, प्रत्येक वाक्याला स्वतंत्रपणे गुण देतात : आमच्याकडे हे महत्त्वाचे आहे की नाही? त्यांना नवी वाक्ये सुचवताही येतात. सर्वांची मते परत सर्वांना दाखवून पुन्हा गुण मागतात. बहुसंख्यांनी, साधारणपणे ८० टक्क्यांनी, मान्य केलेली वाक्येच राहतात. २०१०-११ च्या सुमारास आत्महत्येच्या प्रसंगी द्यायच्या प्रथमोपचाराबद्दल भारत, फिलिपिन्स आणि जपान इथे अशी कामे झाली. पुढे चीन, श्रीलंका, ब्राझील, चिली आणि अर्जेंटिना इथेही झाली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लक्षात ठेवावी. या प्रशिक्षणाने शिकणाऱ्याचे ज्ञान वाढते, मनोरुग्णांबद्दलची भीती आणि तिटकारा कमी होतो, मदत करायचा धीर येतो, हे अनेक अभ्यासांत दिसले. ज्याला मदत केली त्याची तब्येत त्यामुळे किती सुधारते, याचा पुरावा अजून पुरेसा नाही. म्हणून प्रमाणपत्रे वाटून काम संपत नाही. सहा महिन्यांनी विचारायला हवे : किती जणांशी बोललात? त्यातले किती दवाखान्यापर्यंत पोचले? कुठे अडले?

गटात चर्चेसाठी

१. तुमच्या घरात, वस्तीत मनाच्या त्रासाला कोणकोणते शब्द वापरतात? दहा शब्द लिहून काढा.
२. तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते? एकीने जाऊन विचारून यावे.
३. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने पाच मिनिटे आपली अडचण सांगायची, दुसरीने एकही सल्ला न देता ऐकायचे. मग आलटून पालटून. किती अवघड गेले ते सगळ्यांना सांगा.
४. "जीव द्यावा असे विचार येतात का?" हे वाक्य प्रत्येकीने मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यांदा जीभ अडखळते. इथे अडखळलेली बरी, म्हणजे गरजेच्या वेळी अडखळणार नाही.

टेलि-मानस : १४४१६ (मोफत, चोवीस तास). हा क्रमांक आजच फोनमध्ये सेव्ह करा आणि आणखी एकीला द्या.